खाडीपलीकडचे धुरांडे

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता माझ्या डोक्यात मागेपुढे होतात. कोणता दरोडा आधी आणि कोणता नंतर, हे मुलाला विचारावे लागते. पण रत्नागिरीतले धुरांड्याचे प्रकरण मला वार-दिवसासकट आठवते. त्यात खून नव्हता, चोरी नव्हती, कोणाला बेडीसुद्धा पडली नाही. तरी आठवते, कारण त्यातली माणसे मला फार आवडली होती. नावे कोणाचीच सांगत नाही. ज्यांना ओळखायची ते ओळखतील.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती. मी घाटावरचा, नवा फौजदार. रत्नागिरीला बदली झाली तेव्हा घरच्यांनी मला शिक्षा झाल्यासारखा निरोप दिला. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी टपाल आले. ठाणे अंमलदाराने नेहमीप्रमाणे आवक वहीत नोंद करून गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. त्यात एक निनावी पत्र होते. अक्षर मोत्यासारखे. मजकूर एवढाच:

"खाडीपलीकडचा डबाबंद मालाचा कारखाना दिसतो तसा चालत नाही. धुरावर जाऊ नये. येत्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर नाखवा आपला मचवा विकून सगळी रक्कम त्या कंपनीत घालणार आहेत. त्यांना थांबवावे. ही कळकळीची विनंती."

नवा असलो तरी निनावी पत्रे मी बरीच वाचली होती. त्यांत शिव्या असतात, सूड असतो, शेजाऱ्याची भिंत असते. कळकळीची विनंती मी पहिल्यांदाच पाहिली. मी पत्र हवालदाराला दाखवले. हा हवालदार तिथलाच, पन्नाशीला आलेला, कामाला चोख आणि बोलायला सैल.

"नाखवा कोण?" मी विचारले.

"बंदरावरचा म्हातारा नाखवा, सायब. चाळीस वर्सा शिडाचा मचवा चालवतो. कौला, मीठ, सुक्या खोबऱ्याचा माल मुंबईला नेतो. त्याचा मचवा म्हंजे त्याचा हात हाय. विकतो म्हंजे काय?"

फसवणुकीचा प्रकार असेल तर शुक्रवारच्या आत हालचाल करणे भाग होते. एकदा मचवा गेला की नंतर गुन्हा दाखल करून म्हाताऱ्याला काय मिळणार होते? मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि मंगळवारी संध्याकाळी साध्या कपड्यांत निघालो.

हवालदाराने माहिती काढली होती. या कंपनीचे भाग घेणारी, म्हणजे शेअर घेणारी मंडळी रोज संध्याकाळी एका निवृत्त शाळामास्तरांच्या पडवीत जमत. पडवीतून खाली बंदर दिसे, आणि समोर खाडीपलीकडे सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला ते धुरांडे. मी नवा माणूस आहे, चार पैसे गुंतवायचे आहेत, असे सांगून जायचे ठरवले होते. पडवीच्या पायरीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला, "या फौजदारसाहेब. चहात आलं चालेल ना?" कोकणात साधे कपडे घालून उपयोग नसतो, हे मला त्या दिवशी कळले.

पडवीत तिघे होते. मास्तर झोपाळ्यावर, मांडीवर कंपनीचे माहितीपत्रक. कोपऱ्यात पाटावर बसून सुपारी कातरणाऱ्या एक काकू. त्यांचे यजमान लवकर गेले होते आणि आंब्याची कलमे त्या स्वतः सांभाळत. आणि खांबाला टेकून बसलेले नाखवा. उंच, वाळलेले, पांढरी दाढी, गुडघ्यांवर दोन्ही हात.

"सायेब, वर बसा. जमीन गार हाय," नाखवा म्हणाले आणि स्वतःखालची घोंगडी माझ्याकडे सरकवली.

मी विचारले, "ही कंपनी वाढेल असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

मास्तरांना तेवढेच हवे होते. चष्मा पुसून ते म्हणाले, "कंपनी लहान आहे, हेच तिचं बळ. मोठीला वाढायला जागा कुठे उरल्ये? आपला आंबा वर्षातून दीड महिना. डब्यात घातला की बारा महिने. आपली निम्मी माणसं मुंबईत. त्यांना गाव आठवतं ते जिभेवर. गिऱ्हाईक तयारच आहे, शोधायला जायला नको! शिवाय आता मासळीही डब्यात भरत्येत, म्हणजे आंब्यानंतर यंत्र गंजत नाही."

"वाचायला छान आहे ते," काकू म्हणाल्या. "पण मी माझी कलमं कधी मोहोरावर दिली नाहीत. मोहोर सगळ्यांनाच येतो. कणी धरू दे, सुपारीएवढी होऊ दे, मग व्यापाऱ्याला उंबरा चढू देत्ये. या कंपनीचा मी अजून मोहोरच बघत्ये."

"बाईला आधी डबा उघडून चाखायचा हाय," नाखवा हसत म्हणाले.

"मग? त्यात काय चुकलं? गेल्या वर्षी त्या कारखानदारानं एक डबा दिलान, गोड होता. यंदाचा मागितला तर म्हणतो संपले."

मग नाखव्यांनी भिंतीकडे बोट केले. तिथे एक कॅलेंडर टांगलेले होते. काही तारखांवर पेन्सिलीने उभ्या रेघा होत्या. ज्या दिवशी धुरांड्यातून धूर दिसे त्या दिवशी मास्तर रेघ मारत. भाद्रपदात सात रेघा, आश्विनात अकरा, कार्तिकात एकोणीस.

"कागदावर कोण काय पण लिवील," नाखवा म्हणाले. "धूर खोटा बोलत नाय. चाळीस वर्सा मी आगबोटीचा धूर बघून सांगतो, ती कुठं हाय, किती नेटानं येते. हा कारखाना नेटानं येतोय, सायेब. मी म्हातारा झालो, गुडघे गेले. पोरगा मुंबईच्या गोदीत हाय. एका खोलीत नऊ जण झोपतात. कारखाना वाढला म्हंजे त्याला इथं मुकादम करनार हायत. मचवा कोनासाठी ठेवू? पोरगा घरी येल, तर मचवा गेला तरी चालंल."

हे बोलताना ते मचव्याकडे बघत नव्हते, धुरांड्याकडे बघत होते. मी चहा संपवला. आल्याचा चहा झकास होता आणि मला मुळीच गोड लागला नाही.

बुधवारी सकाळी हवालदाराला घेऊन मी तरीने खाडी ओलांडली. कारखानदार तरीच्या धक्क्यावरच सामोरा आला. पस्तिशीचा, गोरा, चेहऱ्यावर सतत माफी मागितल्यासारखे हसू. मुंबईत एका तेलाच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून गावात काहीतरी उभे करावे म्हणून आलेला. कारखाना म्हणजे चिऱ्याच्या भिंतींची एक लांब शेड. मागे भट्टी, तिच्यावर पाण्याची मोठी कढई, एका बाजूला डब्याला झाकण बसवण्याचे हाताने चालवायचे यंत्र. भट्टी पेटलेली होती, पाणी खदखदत होते, धुरांडे झकास धूर सोडत होते. कामाला मात्र कोणी नव्हते.

"आज मासळी यायला उशीर झालाय," तो म्हणाला.

"बंदरावरून घेत नाही?"

"तिथे भाव चढतो. जयगडकडून मागवतो."

त्याने आम्हाला शहाळी दिली, यंत्र दाखवले, आंब्याच्या डब्याचे रंगीत लेबल दाखवले. बोलताना तो दर थोड्या वेळाने भट्टीत नारळाची सोडणे टाकत होता. मी सगळे बघितले, वहीत टिपणे केली आणि खरे सांगायचे तर मला काहीच कळले नाही. घाटावरच्या माणसाला मासळीच्या कारखान्यात काय असावे आणि काय नसावे हे कसे समजणार?

परतीच्या तरीत हवालदार म्हणाला, "सायब, तिथं एक तरी मांजर बघितलात काय?"

"मांजर?"

"माझ्या घरात चार बांगडे आले तर आळीतली सगळी मांजरा दारात. कावळे तर कौलावर नाचतात. इथं तीन महिने मासळी डब्यात भरतायत, आणि मांजर नाय, कावळा नाय, वास नाय. सायब, त्या कढईत नुसता पानी हाय."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. कायद्याची पुस्तके मी पाठ केली होती, पण मांजरे मोजायला मला कोणी शिकवले नव्हते. ठाण्यावर येऊन मी पुन्हा विचार केला. माल नसताना भट्टी जाळायची, ती लोकांना दिसेल अशी, आणि धूर बघून लोक पैसे घालणार. प्रकरण सरळ चारशेवीसचे दिसत होते. मी गुरुवारी सकाळी कारखानदाराला जबाबासाठी बोलावले.

तो वेळेवर आला. कंपनीची सगळी कागदपत्रे रुमालात बांधून घेऊन आला. मी विचारण्याआधीच एकेक कागद समोर ठेवू लागला. मासळी जयगडकडून येते हे त्याने एकदा म्हटले, आणि मी फक्त त्याच्याकडे बघत राहिलो तेव्हा म्हणाला, "येत नाही. दोनदा आणली होती. जमलं नाही."

"मग भट्टी का पेटवता?"

तो रुमालाची गाठ पुन्हा बांधू लागला.

इथे एक अनुभव सांगतो. ठाण्यावर बोलावलेला माणूस, गुन्हेगार असो की निर्दोष, पाच मिनिटांच्या आत एक प्रश्न विचारतोच: माझ्याविरुद्ध तक्रार कोणी केली? काही दरडावून विचारतात, काही रडून, काही सहज विषय निघाल्यासारखे. हा माणूस तासभर माझ्यासमोर बसला होता. पत्र टेबलावर उपडे पडले होते. त्याने त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही आणि तो प्रश्नही विचारला नाही.

मी एक खडा टाकून पाहिला. आवाज चढवून म्हणालो, "या पत्रात स्वच्छ लिहिलं आहे की तुम्ही लोकांचे पैसे घेऊन मुंबईला पळून जाण्याच्या बेतात आहात!"

तो ताडकन म्हणाला, "छे! असं कुठे लिहिलंय त्यात?"

हवालदार दारात उभा होता. त्याने खोकल्याचे निमित्त करून तोंड फिरवले. कारखानदाराच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्याने कपाळाला हात लावला. मी पत्र सुलटे केले, कोरा कागद आणि टाक पुढे सरकवला आणि 'कळकळीची विनंती' एवढेच लिहायला सांगितले. त्याने मुकाट्याने लिहिले. अक्षर तेच, मोत्यासारखे.

मग तो बोलू लागला तो थांबेना. झाकण बसवण्याच्या यंत्रात बारीक दोष होता. गेल्या मोसमातले डबे मुंबईच्या गोदामात फुगले आणि व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला. ही गोष्ट श्रावणातली. तेव्हापासून कंपनी जवळजवळ बुडाल्यासारखीच होती. भाग घेणाऱ्या मंडळींना सांगायला म्हणून तो पडवीत गेला.

"तर काकूंनी उकडीचे मोदक केले होते. मास्तर म्हणाले, आमचा उद्योगपती आला. कसं सांगू? दुसऱ्यांदा गेलो तर नाखवाचाचा म्हणाले, तुझं धुरांडं दोन दिवस गार होतं, तब्येत बरी आहे ना? त्यांना काळजी लागते म्हणून दुसऱ्या दिवशी नुसतीच भट्टी पेटवली. मग मास्तरांचं ते कॅलेंडर पाहिलं. एखादा दिवस चुकला की ते मला बाजारात गाठून विचारायचे. मी जास्त पेटवायला लागलो. त्यांना वाटलं, कंपनी वाढली."

"आणि नाखव्यांचे पैसे?"

"माल परत आला त्या दिवसापासून मी एक शेअर विकलेला नाही, साहेब. चाचा दोनदा आले. मी म्हणालो, अर्जाचे फॉर्म संपले. तर त्यांनी छापखान्यात जाऊन स्वतःच फॉर्म छापून आणले! मला म्हणाले, तुझा तेवढाच खर्च वाचला." तो हसायला गेला आणि त्याचे डोळे भरून आले. "माझं यंत्र मुंबईहून त्यांनी आणलं, साहेब. भाडं घेतलं नाही. त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही माझं. म्हटलं, पोलीस सांगतील."

मला हसावे की रागवावे कळेना. माणूस स्वतःविरुद्ध तक्रार करतो, तीही स्वच्छ अक्षरात! मी कागद पुन्हा तपासले. फसवणुकीच्या गुन्ह्याला फसवून घेतलेला पैसा लागतो. इथे माणूस पैसा येऊ नये म्हणून धडपडत होता. मला वाटले असते तर मी त्याला बसवून ठेवू शकलो असतो आणि नाखव्यांना ठाण्यातून निरोप धाडू शकलो असतो. काम झाले असते. पण तो निरोप माझा नव्हता.

"उठा," मी म्हणालो. "संध्याकाळी पडवीत तुम्ही स्वतः सांगायचं. मी शेजारी बसेन. पळालात तर मात्र हवालदार तरीवर उभा असेल."

त्या संध्याकाळी पडवीत मी पुन्हा त्याच घोंगडीवर बसलो. नाखव्यांच्या कनवटीला मचव्याच्या खरेदीदाराचे पत्र होते. दाभोळचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. कारखानदार उभ्यानेच बोलला. श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत सगळे सांगितले. फुगलेले डबे, रिकामी कढई, सोडणे, पत्र. मास्तर झोपाळ्यावरून उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले. शाळेत चुकीचे गणित फळ्यावर लिहिले गेले की मास्तर लोक जसे उभे राहतात तसे. त्यांनी आणि काकूंनी घातलेले पैसे बुडाले होते, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

नाखव्यांनी कनवटीचे पत्र काढून खाली ठेवले. मग त्यांचा आवाज चढला तो असा की खाली बंदरावर जाळी विणणाऱ्यांनी वर पाहिले.

"पैशाचा मला काय नाय! माझा मचवा अजून माझ्या दारात हाय. पन माझ्याशी बोलायला तुला फौजदार लागला? मी वाघ हाय? चार म्हयने तू माझ्या घरात जेवतोस, माझ्या बायकोच्या हातचा खातोस, आनि एवढी गोष्ट सांगायला पोलिसांला पत्र लिवतोस? माझा काय चुकला होता, तेवढा सांग!"

कारखानदार मान खाली घालून उभा राहिला. मी काही बोलणार होतो, पण काकूंनी अडकित्ता खाली ठेवला.

"ओरडू नका, नाखवा," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याला तुमच्याशी बोलायला फौजदार लागला. आणि तुम्हाला स्वतःच्या पोराशी बोलायला कारखाना लागला, त्याचं काय?"

नाखव्यांचे तोंड उघडे राहिले.

"पोराला घरी ये म्हणून तुम्ही एकदा तरी म्हणालात? पाच वर्षांत? मुकादमाची जागा, कंपनीची वाढ, मचवा विकणं, एवढा खटाटोप कशाला? ये, एवढं म्हणायचं होतं ना?"

ते खाली बसले. दाढीवरून हात फिरवत राहिले. माझ्यासमोर अनेक माणसे कबूल झाली आहेत, पण त्या पडवीत त्या म्हाताऱ्याचा चेहरा जसा हळूहळू सैल होत गेला तसा मी ठाण्यात कधी पाहिला नाही. शेवटी ते बारीक आवाजात म्हणाले, "तो नाय म्हनाला असता तर?"

काकूंनी त्यांच्यापुढे सुपारीची वाटी सरकवली.

थोड्या वेळाने नाखवा म्हणाले, "मास्तर, एक कार्ड काढा." मास्तरांनी पोस्टकार्ड आणि दौत आणली. नाखवा सांगू लागले. आधी पावसाचे, मग गुडघ्यांचे, मग मचव्याच्या शिडाचे. मास्तरांनी टाक थांबवला आणि त्यांच्याकडे नुसते पाहिले. तेव्हा नाखवा म्हणाले, "बरा. मग एवढाच लिवा. बाबा म्हनतो, घरी ये." आणि लगेच कारखानदाराकडे वळून, "तू काय उभा ऱ्हायलास? बस. जेवून जा. उद्या त्या दाभोळवाल्याला तू जाऊन सांगायचा, मचवा देत नाय म्हनून. तुझ्या तोंडानं सांगायचा. पत्र नाय लिवायचा."

पोरगा माघातल्या आगबोटीने आला. कायमचा नाही आला, आधी पंधरा दिवसांसाठी आला आणि मग परत गेला आणि मग पुन्हा आला. दुसऱ्या वेळी आला तो मचव्याच्या सुकाणूवर बसला. मचव्याच्या त्या पहिल्या खेपेला त्याने कारखानदाराला, आणि दुरुस्तीसाठी ते झाकण बसवण्याचे यंत्रही, मुंबईला नेले. भाडे घेतले नाही, असे हवालदार सांगत होता.

प्रकरणाचे कागद मी वरिष्ठांकडे पाठवले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले. "अर्जदार कोण?" म्हणाले. "कारखानदार." "आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज, तो?" "तोच." साहेबांनी मला दोन मिनिटे खाली-वर न्याहाळले आणि शेरा लिहिला, 'अर्ज खरा, गुन्हा नाही, फाईल बंद.' खोलीबाहेर पडताना त्यांचे हसणे मला जिन्यापर्यंत ऐकू आले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नव्या मुलांच्या वर्गात एकदा विचारले होते. तेव्हा मी मांजरांची गोष्ट सांगितली, कारण वर्गात ती शोभते. खरे ते वेगळे. त्यानंतर तीस वर्षे कोणाचाही जबाब घेताना मी शेवटी एक प्रश्न विचारत आलो, जो कोणत्याही फॉर्ममध्ये नाही: हे तुम्ही घरात कोणाला सांगितलंत? बहुतेक जण मान हलवून नाही म्हणत. काही वेळा गुन्हा किरकोळ असला तर मी जबाब तिथेच थांबवला आणि म्हणालो, आधी घरी जा, सांगून या, मग सही करा. यावरून दोनदा लेखी ताकीद खाल्ली. त्यांतले सगळे परत आले, एकही पळाला नाही. आणि सगळे जण, मी शपथेवर सांगतो, रडून पण हलके होऊन आले होते.

'तो नाय म्हनाला असता तर?' या नाखव्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला पुढे स्वतःच्या घरात द्यावे लागले. माझा मुलगा अमेरिकेत राहायचे म्हणाला तेव्हा मी त्याला हवामानाची माहिती दिली, विम्याची माहिती दिली, इथल्या नोकऱ्यांच्या जाहिराती कापून पाठवल्या. वर्षभर पाठवल्या. मग एका दुपारी फोन उचलून मी म्हणालो, ये रे घरी. तो म्हणाला, "बाबा, मी वाटच बघत होतो."